मावशींचा ट्रक आणि आमची हवा

आमच्या कामशेतच्या लेथच्या दुकानात कुणी चहाला टेकलं की म्हणतं, “मिस्तरी, तो ट्रकचा किस्सा सांगा ना!” मी विचारतो, “कुठला?” कारण त्या एका ट्रकनं आम्हा चौघांना इतके किस्से दिलेत, की एक ओढला की दुसरा त्याच्या मागोमाग येतो!

ट्रक सुमनमावशींचा. कुरवंड्याच्या वरच्या अंगाला त्यांची कॅम्पिंगची जागा आहे. तंबू, पिठलं-भाकरी, पुण्याची पोरं. पावसाळ्यात तिथवरचा रस्ता म्हणजे नुसता राडा, म्हणून मावशींनी लिलावात निघालेला जुना मिलिटरी ट्रक घेतला. चालवायला नामदेवभाऊ. फौजेतून रिटायर झालेले हवालदार, असलेच ट्रक चालवण्यात अख्खी नोकरी गेलेली.

चिखल आला की भाऊ खाली उतरणार आणि चारी चाकांतली हवा कमी करणार. टायर जरा पसरला की चिखलात पकड येते. डांबरी रस्ता लागला की पुन्हा उतरून चारी चाकं भरणार. भर पावसात, वाकून, दिवसातून चार-चार वेळा!

एक दिवस भाऊ म्हणाले, “मावशी, ट्रक चढतोय वो, पन माजं गुडघं उतराया लागल्यात!”

मावशींनी ट्रक थेट माझ्या दारात आणून उभा केला. “मिस्तरी, भाऊंनी शीटवर बसून चाकातली हवा कमी-जास्त करायची. कसं, ते तुमी बघा.”

झालं! माझा मेहुणा निखिल, तळेगावला एका कारखान्यात इंजिनिअर आहे, तो रविवारी येऊन ड्रॉइंग काढायला बसला. ब्रेकच्या टाकीतली हवा घ्यायची, केबिनमध्ये हँडल बसवायचं, तिथून चारी चाकांना नळ्या न्यायच्या. अवघड एवढंच, की चाक फिरणार आणि नळी नाही फिरणार! तो मधला फिरता सांधा लेथवर करायची जबाबदारी माझी. पहिल्या तीन सांध्यांनी अशा शिट्ट्या मारल्या, की समोरच्या हॉटेलातला माणूस दर वेळी कुकर बंद करायला आत पळायचा!

*

नळ्या बसल्या. मडगार्डवरून खाली येऊन चाकाच्या मधोमध घुसणाऱ्या, पारदर्शक. ट्रक दुकानासमोर उभा. बाजाराला आलेली एक आजी थांबली. चारी चाकांकडे निरखून बघितलं, माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली,

“लय शिरियस हाय का रं? चारी पायाला सलाईन लावलंया!”

*

पहिली ट्रायल. मावशी कौतुकानं केबिनमध्ये भाऊंशेजारी बसल्या, हातात चहाचा कप. निखिल खाली उभा राहून, हात वर करून, “ओके, सोडा!”

भाऊंनी हँडल फिरवलं. कुठल्या नळ्या कुठे जोडल्या गेल्या देव जाणे, डाव्या दोन चाकांतली हवा फुस्स करून जायला लागली आणि उजवी दोन टम्म! ट्रक डावीकडे कलायला लागला. मावशी सीटवरून घसरत घसरत दाराला जाऊन चिकटल्या. चहा आधीच तिकडे पोचला होता!

निखिल गडबडून म्हणाला, “थिअरी बरोबर आहे हो भाऊ!”

भाऊ वरून शांतपणे म्हणाले, “व्हय साहेब. थिअरी डाव्या अंगाला बसलीया, तेवडी उठवा!”

*

दुरुस्ती करून ट्रक लोणावळ्यात फिरवून आणायचं ठरलं. शनिवार, त्यामुळे ट्रॅफिक ठप्प. शेजारच्या गाडीतून गॉगलवाला एक जण बाहेर वाकला. “काका, हे पाईप कसले? काही वेपन वगैरे आहे का?”

भाऊंनी मानसुद्धा वळवली नाही. “सांगायची परवानगी न्हाई.”

“म्हणजे... डेंजर आहे?”

भाऊंनी हँडलला नुसता हात लावला. फुस्स्स्स! एका सेकंदात त्या गाडीच्या चारही काचा वर! आणि इतका वेळ तसूभर सरकायला जागा नव्हती ना, तिथे आमच्या दोन्ही बाजूला हातहातभर मोकळं झालं!

*

त्या महिन्यात मावशींना हवेशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं. चक्कर आली म्हणून वडगावला डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, काटा बघितला आणि म्हणाले, “मावशी, दाब वाढलाय तुमचा.”

मावशींनी विचारलं, “पुडचा का मागचा?”

*

मग तो दिवस आला, खरोखरीच्या चिखलाचा. मी, निखिल, मावशी वर पत्र्याखाली उभे. खालून ट्रक आला. चिखलाच्या तोंडाशी थांबला. दोन मिनिटं, तीन मिनिटं... टायर हळूहळू पसरले. आणि कुठे घसरणं नाही, कुठे घुरघुर नाही, म्हशीनं पाण्यात शिरावं तसा निवांत वर आला! आम्ही तिघं नाचलो. निखिल तर चपलेशिवाय!

भाऊ मात्र खाली उतरेनात. इंजिन बंद, दार बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

मावशी घाबरल्या. “भाऊ, उतरा की! काय झालं?”

भाऊंनी डोळे पुसले. “काय न्हाई वो मावशी. एवड्या वर्सांत पयल्यांदा उतरायची गरज न्हाई. जरा बसू द्या!”

*

सिस्टीम बसून महिना झाला असेल. मी फिरत्या सांध्याचं सील बदलायला वर मावशींकडे गेलेलो. पाऊस धो-धो. तेवढ्यात वरच्या वाडीतून निरोप आला, तिथल्या सुनंदाला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यात. अँब्युलन्स खाली डांबरीवर येऊन थांबलेली, वर यायला तिला रस्ताच नाही. हसू कुठल्या कुठे पळालं. ट्रकच्या मागे गाद्या टाकल्या, सुनंदाला झोपवलं. एका बाजूला मावशी, उशाशी गावच्या आशाताई. मी तोंड फिरवून ताडपत्री धरून उभा. केबिनच्या मागची खिडकी उघडीच होती, भाऊंना हाक ऐकू जावी म्हणून.

उतार, खड्डे, वरून पाणी. सुनंदा ओरडत होती. आशाताई तिच्या कपाळावर हात ठेवून मोठ्यानं सांगत होत्या, “घे... घे... भरपूर घे... आता सोड! हळूहळू सोड... परत घे!” डांबरीपर्यंत हेच चाललेलं. मला एवढंच जाणवत होतं, की आज ट्रक जरा वर-खाली होतोय. म्हटलं, रस्ताच तसा.

सुनंदाला अँब्युलन्समध्ये घातलं आणि आम्ही ट्रक घेऊन मागोमाग दवाखान्यात. अर्ध्या तासानं नर्स बाहेर आली. “मुलगी! दोघी छान आहेत.” मावशींनी मलाच मिठी मारली!

मग आमचं लक्ष पायरीवर बसलेल्या भाऊंकडे गेलं. अंगातला शर्ट घामानं चिंब, उजवा खांदा चोळत बसलेले.

मावशी म्हणाल्या, “अवो भाऊ, बाळंत झाली ती, आन घाम तुमाला?”

“मंग काय वो!” भाऊ म्हणाले. “ताई ‘घे’ म्हनल्या की चाकात हवा भरायची, ‘सोड’ म्हनल्या की सोडायची! ऑर्डर लय पटापट बदलत हुती मावशी, पन मी एक बी चुकवली न्हाई!”