घडीवरचं माप

आमच्या रस्त्यावर टेलर मास्तरांना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि मास्तरांनी ज्याला टेप लावली नाही असाही नाही. माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून. मध्ये एक पातळ भिंत. सोळा वर्षं त्यांचं मशीन आणि त्यांचं तोंड, दोन्ही मी ऐकत आले आहे. मशीन निदान अधूनमधून बंद पडतं.

माणूस वाईट नाही हो. पण स्वतःच्या कात्रीचा भारी अभिमान. "चाळीस वर्षांत एकदाही माप चुकलं नाही," हे वाक्य नव्या गिऱ्हाइकाला बसायला स्टूल देण्याआधी ऐकवायचं. आणि पद्धतीही सगळ्या स्वतःच्या. कापड दुहेरी घडी घालून कापतात, म्हणून रुंदीचं माप निम्मं करावं लागतं. बाकीचे शिंपी वहीत पूर्ण माप लिहितात आणि कापायला बसले की निम्मं करतात. मास्तर म्हणतात, "निम्मं करायचंच आहे, तर उद्यावर कशाला टाकायचं?" म्हणून ते लिहितानाच निम्मं लिहितात. एकदा बेकरीवाल्याने त्या वहीत डोकावून आपली कंबर बावीस असल्याचं वाचलं आणि खुशीत घरी गेला. बायकोने आरशासमोर उभं केलं तेव्हा कुठे बिचाऱ्याचा आनंद मावळला.

मास्तरांची दुसरी खोड म्हणजे चालणं. मागे कुणीतरी लागल्यासारखे चालतात. काकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, पिशवी घेऊन मागे. मास्तर पुढून तावातावाने काहीतरी सांगत असायचे, आणि दर वीस पावलांना मागे न बघता विचारायचे, "येतेस ना?" काकू मागून म्हणायच्या, "येते." झालं, पुन्हा गाडी सुरू.

काकू मला म्हणायच्या, "लग्न झाल्यापासून ह्यांचं तोंड कमी आणि पाठच जास्त बघितली गं. पाठीवर शर्ट मात्र बसतो छान."

दीड वर्षापूर्वी असेच दोघं निघाले होते. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला काकूंची धाकटी बहीण राहते, तिच्याकडे. आमचा फुटपाथ तेव्हा कसा होता, काय सांगू! एक फरशी असायची, एक नसायची, आणि जी असायची ती हलायची. त्यातून मोटारसायकलवाल्यांना घाई झाली की ते वर चढायचे. मी काउंटरवर उभी होते. मास्तर पुढे, हातवारे करत. "येतेस ना?" म्हणाले. उत्तर आलं नाही. तरी हे बोलतच चालले! मी ओरडले तेव्हा कुठे वळून बघितलं. काकू हलत्या फरशीशी पडल्या होत्या, आणि पिशवीतले कांदे रस्ताभर.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. घरात त्या चालायला लागल्या. स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत, खिडकीतून पुन्हा स्वयंपाकघरात. पण घराबाहेर पाऊल टाकेनात. "खाली गाड्या, वर खड्डे. मी काय उडत जाऊ?" बहिणीचे गुडघे गेलेले, तिला या टोकापर्यंत यायला जमेना. दोघी दिवसातून चार वेळा फोनवर भांडायच्या, आणि आवाज असा की फोनची खरं म्हणजे गरज नव्हती. पण फोन ठेवला की काकू खिडकीत बसून त्या टोकाकडे बघत राहायच्या. दीड वर्ष सख्खी बहीण हाकेच्या अंतरावर, आणि भेट नाही. मला ते बघवायचं नाही.

मास्तर त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते. फक्त फुटपाथचं नाव निघालं की अंगावर यायचे.

पालिकेकडे आमच्या रस्त्याचे नऊ अर्ज गेले होते. नऊच्या नऊ मीच टाइप केलेले. "कृपया लक्ष घालावे" हे तर मी डोळे मिटून टाइप करते. दहाव्या वेळी पालिकेच्या इंजिनियरबाई वैतागून म्हणाल्या, "लक्ष घातलं! आता नेमकं काय हवंय ते मापासकट लिहून द्या."

माप! मास्तरांचे डोळे असे चमकले की विचारू नका.

तीन दिवस दुकान बंद. गळ्यात टेप, कानामागे पेन्सिल, हातात निळा खडू. गुडघ्यावर बसून फुटपाथ मोजला, प्रत्येक खड्ड्याभोवती खडूने खूण केली. बेकरीवाल्याने विचारलं, "काय मास्तर, रस्त्याला कोट शिवताय?"

"हो. तुझ्या पॅन्टपेक्षा कापड कमी लागतंय," मास्तर म्हणाले.

चौथ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन त्यांनी अर्ज सांगितला. सांगितला कसला, हुकूम सोडला. "लांबी आठशे फूट. रुंदी तीस इंच. रस्त्याच्या बाजूने लोखंडी कठडा, म्हणजे मोटारसायकली वर येणार नाहीत. कुठेही पायरी नको. जिथे उतरायचं तिथे उतार." मी खाली मान घालून टाइप केलं. तीस तर तीस. मोजणारे ते, मी कोण विचारणार? मग रस्त्यावरच्या चौसष्ट जणांनी सह्या केल्या. सही करण्याआधी कागद वाचायचा असतो ही गोष्ट आमच्याकडे अजून पोचलेली नाही.

आणि चमत्कार बघा, अर्ज सहा आठवड्यांत मंजूर! मास्तरांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. पालिकेची माणसं आली, दोन्ही बाजूंना पत्रे ठोकले आणि मास्तरांना पत्र्यांच्या आत यायला बंदी केली, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी गवंड्याला सरळ ओळ कशी धरायची ते शिकवलं होतं.

पत्रे निघाले त्या दिवशी आम्ही सगळे बघायला जमलो. सुंदर काम! गुळगुळीत फरशी, एक पायरी नाही, भक्कम कठडा. फक्त भिंत आणि कठडा यांच्यामध्ये एका वेळी एकच माणूस मावत होता. बेकरीवाला हौसेने आत शिरला आणि समोरून पोस्टमन आला. दोघांपैकी कुणी मागे जायचं यावर पाच मिनिटं गेली.

मग काय! "पालिकेने अर्धाच फुटपाथ बांधला! अर्धे पैसे खाल्ले!" असा गलका झाला. वीस-पंचवीस जण तडक इंजिनियरबाईंच्या टेबलापुढे. मास्तर सगळ्यांच्या पुढे, अर्थात. मीही गेले, दुकानाला कुलूप लावून.

बाईंनी शांतपणे फाइल उघडली आणि अर्ज आमच्यापुढे सरकवला. "तीस इंच. तुम्हीच मागितलेत. इतकी बेताची मागणी आमच्याकडे कधी आली नव्हती, म्हणून तर पटकन मंजूर झाली. खाली चौसष्ट सह्या आहेत."

सगळ्यांनी कागद बघितला, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"टायपिंगची चूक!" बेकरीवाला म्हणाला. "साठाचं तीस केलंन हिने!"

लगेच सगळ्यांना आठवलं की मी आधीही चुका केल्या होत्या. एकाच्या भाडेकरारात म्हणे मी भलताच महिना टाकला होता. कुणीतरी म्हणालं, यापुढे कामं चौकातल्या दुकानात द्यावीत. सोळा वर्षं ज्यांचे अर्ज मोडके-तोडके आले आणि नीट होऊन गेले, ती ही माणसं! खापर फोडायला माझंच डोकं बरं सापडलं. मी मास्तरांकडे बघितलं. ते कागद डोळ्यांजवळ धरून उभे होते. नुसते गप्प राहिले असते तरी सुटले असते. चाळीस वर्षांची कात्री शाबूत राहिली असती, आणि मी बसले असते रिकाम्या दुकानात माशा मारत.

मास्तरांनी कागद खाली ठेवला आणि चष्मा काढला.

"तिने बरोबर टाइप केलंय," ते म्हणाले. "मीच तीस सांगितलं. घडीवरचं माप सांगितलं मी."

कुणाला काही कळेना. मग त्यांनी खिशातून ती वही काढली आणि इंजिनियरबाईंना दाखवली. "हे बघा. मी रुंदी निम्मीच लिहितो. कापड घडी घालून कापतो ना, म्हणून. ही बेकरीवाल्याची कंबर, बावीस. आता त्याच्याकडे बघा." बाईंनी बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. बेकरीवाल्याने पोट आत घेतलं. "लांबीला घडी नसते, म्हणून लांबी बरोबर आली. साठ हवं होतं. चूक माझी आहे. हिला कुणी काही बोलायचं नाही."

मास्तरांच्या तोंडून 'चूक माझी' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. मशीनही इतकं अडखळत चालत नाही.

बाईंना हसू आवरत नव्हतं, पण त्यांनी एक प्रश्न बरोबर विचारला. "पण मास्तर, साठच का? पन्नास का नाही, सत्तर का नाही?"

मास्तर कागदाकडे बघतच बोलले. "बावीस तिचा वॉकर. अठरा माझे खांदे. सहा मध्ये, हात धरायला लागला तर. चौदा समोरून येणाऱ्याला अंग चोरून जायला. झाले साठ." मग म्हणाले, "ती पडली तेव्हा मी अकरा पावलं पुढे होतो. नंतर मोजली मी. शेजारी असतो तर धरली असती."

बेकरीवाल्याने आत घेतलेलं पोट सोडलं.

दुरुस्तीचा अर्ज मी तिथेच बसून हाताने लिहिला, आणि या वेळी रस्त्यावर परत येऊन चौसष्टच्या चौसष्ट जणांना वाचून दाखवल्याशिवाय सही घेतली नाही. कठडा हलवून रुंदी वाढवायची, चार महिने लागतील, बाई म्हणाल्या होत्या.

संध्याकाळी मास्तर घरी कसे सांगणार म्हणून मीही बरोबर गेले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लोकांच्या कपड्यांत दोन-दोन इंच मार्जिन सोडता. अर्जात सोडायला काय झालं होतं?" आणि इतक्या हसल्या की वॉकर धरून बसावं लागलं. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "चार महिने कोण थांबतंय? वॉकर बावीस, वाट तीस. मी उद्या जाणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून मी बाहेरच उभी राहिले. काकू दाराच्या उतारावरून खाली आल्या, वॉकर फुटपाथच्या तोंडाशी लावला आणि थांबल्या. आत भिंत आणि कठडा. शेजारी उभं राहायला जागा नाही.

"व्हा पुढे," काकू म्हणाल्या. "सवयीप्रमाणे."

"नाही," मास्तर म्हणाले. "तू हो पुढे. मी मागे आहे."

निघाले दोघं. वॉकर उचलायचा, ठेवायचा, एक पाऊल, दुसरं पाऊल. वाऱ्यासारखा चालणारा हा माणूस मागून इतकं हळू चालत होता की मलाच घाम फुटला. काकूंना धक्का लागू नये म्हणून दोन हातांचं अंतर ठेवलेलं, दोन्ही हात मात्र पुढे, धरायला तयार. आणि तोंडातून चकार शब्द नाही. समोरून पोस्टमन आला, त्याने लांबूनच बघितलं आणि मुकाट्याने रस्त्यावरून गेला.

निम्म्या वाटेवर काकू थांबल्या. मागे पावलं वाजत नव्हती, बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि तीस इंचांत वॉकर वळवून मागे बघता येत नाही. समोर बघूनच त्यांनी विचारलं,

"येताय ना?"

मास्तर मागून म्हणाले, "येतोय गं. आहे मागेच."

तिकडच्या टोकाला बहीण दारात खुर्ची टाकून बसली होती आणि "आज पोचणार की उद्या?" म्हणून ओरडत होती. काकूंनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. उरलेल्या वाटेवर दर दहा पावलांना थांबून त्या विचारत राहिल्या, "येताय ना?" आणि दर वेळी मास्तर म्हणत राहिले, "येतोय."