गार सकाळी घेतलेली परीक्षा

वर्षाली भित्री आहे, हे आमच्या अमरावतीच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. गॅस बंद केला का, हे विचारायला ती जेवणाच्या सुट्टीत घरी फोन करते. पाठवलेला मेल पुन्हा उघडून पाहते. टिंगल तर रोजचीच.

अंजनगाव सुर्जीच्या माळ्याची पोर. घरी भाजीचा मळा, त्यामुळे ऊन चढायच्या आत तोडणी उरकायची, ही लहानपणापासूनची सवय. रक्तपेढ्यांच्या नोंदींसाठी कोणतं मशीन चांगलं, हे तपासायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हाही ती भल्या पहाटे ऑफिस उघडायची. एक विंडोजवालं जुनं धूड, त्याच धुडावर लिनक्स टाकून पुन्हा एकदा, आणि शेवटी लिनक्सवालं डब्याएवढं नवं मशीन. तिन्ही वेळा डेटाबेस तोच, त्याला विचारायचे प्रश्न तेच. दुपारी विजेची लाइन जाते, मोजमाप बिघडतं, म्हणून सगळं सकाळीच. डब्याने बाकीच्यांना पार मागे टाकलं. तिने अहवालावर सही केली आणि साहेबांनी पेढे वाटले.

मे महिन्यात तसा एक डबा अकोल्याच्या एका रक्तपेढीत बसला. त्यानंतर एका रणरणत्या दुपारी मी तिच्यासोबत तिथेच होतो.

खिडकीशी दुर्गाबाई नावाची बाई उभी होती. सून बाळंत झालेली, रक्त थांबत नव्हतं, आणि रक्तगट सहज न मिळणारा. तपासणी पूर्ण झाल्याची नोंद पडद्यावर दिसल्याशिवाय पिशवी द्यायची नाही, हा तिथला नियम. पडद्यावर मात्र नुसतं चक्र फिरत होतं.

"कावून एवढा वेळ लागून राहिला, बाई? पोरगी पांढरी पडली तिकडं!"

वर्षालीने डब्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. हा डबा तापला की स्वतःला जपायला काम मंद करतो. आमच्या सकाळच्या गारव्यात तो कधी तापलाच नव्हता.

तिथला तंत्रज्ञ किशोर कूलर ओढत आला.

"नको! पाणी उडन त्याच्यावर!" ती किंचाळली. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "जुनं चालू हाये."

टेबलाखाली त्या रक्तपेढीचं आधीचं जुनं धूड घरघरत होतं. बंद करायची तिची हिंमत झाली नव्हती. प्रत्येक नोंद त्यावरही आपोआप उतरेल, अशी सोय तिने कुणाला न सांगता करून ठेवली होती. तिने पडद्याची वायर डब्यातून काढून धुडाला जोडली. धुडाने आपल्या संथ चालीने शोधलं, नोंद दाखवली, आणि किशोर पिशवी घेऊन धावला.

"देव तुयं भलं करो, पोरी," म्हणत दुर्गाबाई त्याच्या मागे पळाली.

मी हुश्श केलं. वर्षालीने मात्र फोन काढला.

"अंजनगावच्या पेढीले बी असाच डबा देला आपण," ती म्हणाली. "अन् तिथलं जुनं?"

तिथलं जुनं धूड साहेबांनी तिच्या भीतीला हसत गेल्याच आठवड्यात अमरावतीला उचलून आणलं होतं.

तिने अंजनगावच्या पेढीत फोन लावला. पलीकडून लगेच आवाज आला.

"बरं झालं मॅडम, तुमीच फोन केला. मशीन अडकून पडलं, अन् खिडकीपाशी माणूस रडून राहिला."