कणारेट्टन मास्तरांची परीक्षा

विड्या वळणाऱ्या माणसाला जगाची खबर असावी तरी किती? कणारेट्टनना होती तेवढी कलेक्टरलाही नसेल. कण्णूरजवळच्या विडी कारखान्यात ते चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन बसत होते आणि चाळीस वर्षं पेपर ऐकत होते. तिथली रीतच तशी. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी वळायचं, आणि वाचणाऱ्याच्या वाट्याच्या विड्या सगळ्यांनी थोड्या थोड्या वळून भरून द्यायच्या. सध्या वाचायला बालन होता.

कणारेट्टनची स्मरणशक्ती भलतीच पक्की. एकदा कानावरून गेलेला शब्द जागचा हलायचा नाही. संध्याकाळी चहाच्या दुकानात ते पेपर उघडून धरत आणि सकाळचं सगळं घडाघडा म्हणून दाखवत. बालन जिथे खोकला असेल तिथे हेही खोकत.

पण वाचायचं म्हणाल तर एक अक्षर येत नव्हतं. ही गोष्ट जगात एकट्या कणारेट्टनना ठाऊक होती. बायकोला, चिरुताला, कळायचा प्रश्नच नव्हता, कारण तिलाही वाचता येत नव्हतं. ते उघड झालं तर दुकानात पुन्हा तोंड दाखवता येणार नाही, ही भीती म्हातारपणीही सुटली नव्हती.

आणि नव्वद साली सरकारनं जाहीर केलं की राज्यात आता एकही निरक्षर उरता कामा नये. कॉलेजातली पोरं वह्या घेऊन दारोदार फिरू लागली. त्यांच्यातली प्रसन्ना आपल्या वॉर्डाची यादी घेऊन चहाच्या दुकानात शिरली, तेव्हा कणारेट्टन पेपर धरून नामिबियाच्या स्वातंत्र्यावर बोलत होते. तिनं त्यांच्या नावापुढे डोळे झाकून ‘साक्षर’ लिहिलं.

तेवढ्यावर भागलं असतं तर देव पावला म्हणायचं.

“कणारेट्टा, शिकवायला माणसं कमी पडतायत. वाचनालयाच्या ओसरीवरचा वर्ग तुम्ही घ्याल?”

“मी? छे गं! डोळे गेलेत माझे. अक्षरं अशी मुंग्यांसारखी पळतात.” हे मात्र खरं होतं, ती कायमच पळत आली होती.

“तुम्हीच पहिले नाही हो! सगळे म्हातारे हेच सांगतात. म्हणून तर सरकारनं डोळ्यांचं शिबिर ठेवलंय. चष्मा फुकट.”

दुकानदारानं तांदळाच्या पुट्टूचा घास तोंडात असतानाच टाळी वाजवली. पुढच्या रविवारी कणारेट्टनच्या नाकावर सरकारी चष्मा चढला आणि शेवटची सबबही गेली.

वर्गात अकरा बायका, त्यात चिरुता पहिल्या रांगेत. पहिला आठवडा मास्तरांनी नुसत्या बातम्या सांगून काढला. “आधी जग समजून घ्या, मग अक्षरं!” बायका खूश होत्या. शेवटी चिरुतानंच पुस्तक पुढे केलं. “अहो मास्तर, जग झालं. आता हे उघडा.”

दुसऱ्या दिवशी ते पुस्तक कारखान्यात गेलं. “बालन, आज पेपर नको. हे वाच, एकेक पान, चित्रासकट.”

“कणारेट्टा, तुम्हाला हो कशाला बाराखडी?”

“अरे, सरकार अडाण्यांना काय भरवतंय ते आपण बघायला नको?”

कामगार पोट धरून हसले, आणि बालननं वाचलं. संध्याकाळी ओसरीवर ते पान मास्तरांच्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं. नारळाचं चित्र दिसलं की नारळाचं पान, होडी दिसली की होडीचं. महिनाभर गाडी सुरळीत चालली. पुढे चित्रं संपली आणि मास्तरांचे ग्रह फिरले.

एका संध्याकाळी तंबाखूनं चिकटलेल्या बोटांनी दोन पानं एकदम उलटली गेली. मास्तर खणखणीत आवाजात तळ्याचा धडा म्हणत होते आणि समोर होता बाजाराचा धडा. दहा बायका माना डोलावत होत्या. चिरुता पानाकडे बघत होती, मग नवऱ्याकडे, पुन्हा पानाकडे.

“मास्तर,” ती म्हणाली, “माझं मागचं पान राहिलंय. तेच आधी घ्या की.”

त्यांनी मागचं पान काढलं तर चिकटलेली दोन पानं सुटी झाली; तळं तिथे अडकलं होतं. ‘थोडक्यात वाचलो,’ ते मनात म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला.

त्या दिवसापासून मात्र ते सावध झाले. पाठ केलेली ओळ म्हणताना प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवू लागले. पाण्याचा शब्द पानावर जिथे जिथे येई तिथे तोच आकार उभा असे. हळूहळू आकार ओळखीचे झाले. आणि एका सकाळी समोरून आलेल्या बसच्या कपाळावर, कुणी वाचून न दाखवता, ‘तलश्शेरी’ उमटलं. कणारेट्टनना कुठेही जायचं नव्हतं. तरी ते त्या बसमध्ये चढले, पुढच्या थांब्यावर उतरले आणि चालत परत आले. इतका आनंद त्यांना लग्नातही झाला नव्हता, आणि सांगायची मात्र चोरी.

परीक्षेच्या रविवारी प्रसन्नानं सीलबंद पाकीट हातात दिलं. “प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवा. पेपर आज दुपारी तपासून ठेवा, उद्या मी गठ्ठा न्यायला येते.”

सीलबंद! म्हणजे हे बालननं वाचलेलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा न ऐकलेल्या कागदाशी गाठ. कणारेट्टननी चष्मा सावरला. त्यांनी बोट टेकवलं आणि अडखळत, एकेक अक्षर जोडत पहिला प्रश्न वाचला.

“बिचारे आपल्यासाठी किती सावकाश वाचतायत,” मागून एक बाई कुजबुजली. चिरुता खाली मान घालून लिहीत राहिली.

दुपारी घरच्या पडवीत पेपर तपासताना चिरुताचा पेपर शेवटी आला. अखेरचा प्रश्न होता, घरातल्या एका माणसाविषयी चार ओळी लिहा. वाकड्यातिकड्या अक्षरांत तिनं लिहिलं होतं:

‘माझ्या नवऱ्याला वाचता येत नव्हतं. आम्हाला शिकवता शिकवता ते शिकले. तळ्याच्या धड्याच्या दिवशी मला कळलं. मला कळलंय हे त्यांना माहीत नाही.’

कणारेट्टननी ते तीनदा वाचलं. उद्या हा गठ्ठा प्रसन्नाकडे, मग तालुक्याला. पान फाडलं तर चाळीस वर्षांची अब्रू वाचत होती आणि चिरुता नापास होत होती. बराच वेळ ते पान त्यांच्या चिमटीत राहिलं.

मग ते उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. चिरुता बांगडे साफ करत होती.

“हे प्रसन्ना वाचणार.”

“वाचू दे की. येत नव्हतं तेव्हा लाजलात ते ठीक. आता येतंय तरी लाजणार?”

कणारेट्टनचे डोळे भरून आले, त्याचा दोष त्यांनी कांद्याला दिला. कांदा अजून टोपलीतच होता.

“तुझा एक मार्क कापलाय मी,” ते शेवटी म्हणाले.

“का हो?”

“शेवटची ओळ चूक आहे. तुझ्या नवऱ्याला माहीत आहे.”

चिरुतानं मान वर केली नाही. “लिहिली तेव्हा बरोबर होती. द्या मार्क परत.”

कणारेट्टननी मार्क परत दिला आणि तिचा पेपर गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवला.