कारखान्याचा ड्रायव्हर, साखर बंद

साखर कारखान्यात नोकरी आणि साखरेनंच जीव जायची वेळ! हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसायचे आणि माझं डोकं फिरायचं. मी मुळातच तापट.

त्या वर्षी पाऊस नाही, त्यामुळं ऊस नाही, त्यामुळं गाळप नाही. आमच्या सहकारी कारखान्यानं आम्हा ड्रायव्हर लोकांना पाण्याच्या टँकरवर बसवलं. खाली टँकर भरायचा, मांजरसुंब्याकडचा घाट चढायचा, डोंगरातल्या एका गावच्या कोरड्या विहिरीत पाणी सोडायचं, की परत खाली. पाणी पडायला लागलं की काठावरच्या बाया भांडण विसरून नुसत्या बघत राहायच्या. मी काय केलेलं असायचं? एक कॉक फिरवलेला. तरी दर खेपेला माझ्या अंगावर काटा यायचा.

त्या गावात एक रीत पडली होती. टँकरच्या पहिल्या घागरीचा चहा ड्रायव्हरला. विहिरीला लागून एक घर होतं, तिथली माझ्याच वयाची बाई तो करायची. स्वतःच्या घरातल्या कपात, ओसरीवर बसवून. आणि गोड किती, तर ओठ चिकटावेत! जितकी साखर जास्त तितका पाहुण्याचा मान. मी उपाशीपोटी आलेलो असायचो. चहा आणि बशीभर बिस्किटं, खुशीत हाणायचो.

ती खुशी नुसत्या चहाची नव्हती. आम्ही बौद्ध. वडिलांनी दीक्षा घेतली, पण गावची विहीर काही दीक्षा घेत नसते. ही विहीर आधीच्या एका दुष्काळात खोदली, तेव्हा वडील तिच्यावर मजूर होते. तहान लागली की याच घरचा मालक त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचा, भांडं लागू न देता. हे वडिलांनी मला एकदाच सांगितलं, आणि मी कुणालाच नाही. त्याच ओसरीवर बसून चहा पिताना मला वाटायचं, बाबा, बघा, तुमचा पोरगा कुठं बसलाय.

आणि नेमका तोच चहा मला आडवा करायला निघाला.

चहा पिऊन निघालो, खाली जाऊन टँकर भरून परत घाटाला लागलो, की हात थरथरायला लागायचे. दरदरून घाम. रस्ता धूसर. एकदा तर वळणावर गाडी कशी थांबवली आणि चाकाला दगड कसा लावला, माझं मला आठवत नाही. एका बाजूला दरी, पाठीवर पाण्यानं भरलेला टँकर, समोरून येणारी एसटी. लोक म्हणायला लागले, गडी पिऊन चालवतो. मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही!

कारखान्याच्या दवाखान्यात थरथरत गेलो, तर बोटाला सुई टोचून कंपाउंडर म्हणाला, साखर लई उतरली. झालं! अख्ख्या कारखान्याला औषध सापडलं. "साखर कमी हाय तर खा की बे साखर! आपल्या घरचीच तर हाय!" जो भेटेल तो माझ्या खिशात मूठभर साखर कोंबायचा. मी ती फाके मारून खायचो. घटकाभर बरं वाटायचं आणि मग आधीपेक्षा वाईट. साखर पिकवणाऱ्या माणसांना साखरेचा संशय येईल तरी कसा?

शेवटी बीडच्या डॉक्टरांनी मला उपाशीपोटी ग्लासभर साखरपाणी पाजलं आणि दुपारपर्यंत बसवून थोड्या थोड्या वेळानं रक्त घेतलं. साखर आधी चढली आणि मग धाडकन खाली आली, सकाळी उपाशी होतो त्याच्याही खाली! मी म्हटलं, "आँ? साखर पिऊन साखर उतरली?" डॉक्टर म्हणाले, गोड एकदम पोटात गेलं की तुमचं शरीर घाबरून जातं. ते निस्तरायला नको तितकं इन्सुलिन सोडतं, आणि ते सगळीच साखर घेऊन बसतं. मी माझ्या हाताकडं बघतच राहिलो. डिझेलच्या गाडीचं पोट मी डोळे झाकून ओळखतो, आणि माझ्याच पोटात हा एवढा कारभार चालतो ते मला ठाऊक नाही! बाप रे.

साखर, गूळ, बिस्किट, मैदा, भात बंद. अंडी, शेंगदाणे, फुटाणे, डाळ, ताक सुरू. थोडं थोडं, पण उपाशी राहायचं नाही. थरथर आलीच तर गाडी बाजूला, चिमूटभर साखर आणि लगेच वर काहीतरी दमदार खाणं. पंधरवड्यात हात स्थिर झाले. घाट तोच, गाडी तीच, आणि मी गाणं म्हणत चढतोय. मला ते जादूसारखं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पण ओसरीवरच्या चहाचं काय? घेतला तर गाडी दरीत. नाही घेतला तर? दोन-तीन खेपा टाळाटाळ केली. घाई आहे म्हटलं, पोट बिघडलंय म्हटलं. चौथ्या खेपेला बाई कप घेऊन थेट गाडीच्या दाराशी आली.

"दादा, चहा कावून घेत न्हाई आता?"

"डॉक्टरनं गोड बंद केलंय, ताई."

"बहाना नका करू." तिनं कप पुढंच धरला. "आमच्या मामंजीनं तुमच्या वडलाला वरून पाणी घातलं व्हतं. त्येचा राग हाय ना?"

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्येंनीच सांगितलं. पहिल्या दिवशीच वळखलं तुमाला, म्हणले, चेहरा बापाचाच हाय. चहा कर म्हणून तेच सांगतेत. आत बसलेत. तुमी आले की भाईर येत न्हाईत."

एवढे दिवस दाराच्या आत ते म्हातारं मला चहा पिताना ऐकत बसलेलं! राग यावा की रडू, काही कळेना. तोंडातून निघून गेलं, "चहा नको, ताई. पण भूक लागलीय. घरात शिजलंय ते वाढा."

चहा दारात पाजता येतो. जेवायला चुलीपर्यंत न्यावं लागतं. तिनं हातातला कप गाडीच्या पायरीवर ठेवला. मग म्हणाली, "चला."

पिठलं, शेंगदाण्याची चटणी, ताक आणि परातीएवढी भाकर. कोपऱ्यात म्हातारबाबा भिंतीकडं तोंड करून बसलेले. मी भाकर मोडली आणि अर्धी बाजूला सारली. "एवढीच चालती मला. ही काढून घ्या, वाया जाईल."

बाईचा हात पुढं येण्याआधी म्हातारबाबा सरकत सरकत आले. माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या ताटातली अर्धी भाकर उचलली, माझ्याच पिठल्यात बुडवली आणि खायला लागले.