मागे उघडलेली चौकट
संगणकावर एका चौकटीवर दुसरी चौकट उघडली, की मला फिनेलचा वास येतो आणि भोपाळच्या कारखाना-वसाहतीतला दवाखाना आठवतो. तिथल्या नोंदणीचा प्रोग्राम मी जावा या संगणकभाषेत लिहिला होता. उद्घाटनाला तीन भाषणं झाली, चाचणी मात्र कुणी केली नाही. दुसऱ्याच दिवशी एक निवृत्त फिटर छातीवर हात धरून आले. मोठ्या इस्पितळाची गाडी दहा मिनिटांत सुटणार होती आणि दवाखान्याच्या छापील चिठ्ठीशिवाय त्यांना कुणी गाडीत घेणार नव्हतं. नोंदणीच्या बाईंनी रुग्णाची चौकट उघडली, तिच्यावर डॉक्टरांची, आणि मंजुरी विचारणारी शेवटची चौकट नेमकी दोन्हींच्या मागे उघडली. तिला उत्तर मिळेपर्यंत माउसने कशावरच क्लिक होईना. "बंद करून पुन्हा सुरू करू, अर्धा तास लागेल," मी म्हणालो. "बाबूजी, आप बैठिए," बाई फिटरना म्हणाल्या, आणि मला, "टायपिंगच्या क्लासात न बघता टाइप करायला आमच्या हातांवर रुमाल टाकायचे, साहेब. काल तुम्ही शिकवलंत तेव्हा टॅबची कळ दोनदा दाबली, की 'हो' येत होतं." त्यांनी न दिसणाऱ्या चौकटीत दोनदा टॅब दाबलं, मग एंटर. प्रिंटर घरघरला आणि फिटरना गाडी मिळाली. ती भाषणं मला आठवत नाहीत. पण आजही नवी चौकट लिहिली, की मी आधी पडद्यावर रुमाल टाकून ती नुसत्या कळांनी चालवून पाहतो.