मांजरेकाठची येळवस

येळवशीला आमच्याकडं कुणी घरी जेवत नाही. या अमावास्येला शेतात नाहीतर नदीकाठी जेवायचं, आणि आल्यागेल्याला हाक मारून पंगतीला बसवायचं. निजामी राज्याच्या अखेरच्या हिवाळ्यात आम्हीही दुरड्या घेऊन मांजरेवर गेलो. पण आमची हौस खोटी होती. थोरल्या भावाच्या नावानं वॉरंट निघालं होतं. शाळेवरचं सरकारी निशाण उतरवणाऱ्यांत तो होता, आणि तसली उचलून नेलेली पोरं घरी परतत नव्हती. सणाच्या गर्दीत त्याला नदीपार करायचं ठरलं. पलीकडं मामा गाडी घेऊन थांबला होता, तिथून मजल दरमजल करत सोलापूरची हद्द गाठायची.

सणामुळं गुऱ्हाळं बंद असत. मग गूळ आटवायची मोठी लोखंडी काहील पाण्यात सोडून कोळीअण्णा माणसांना फेऱ्या मारून आणायचा. गरगरत, किंचाळत जायचं, हीच आमची नावेतली चैन. भावानंही तसंच हौसेनं बसल्यासारखं बसायचं होतं. मी तेव्हा परकरातली पोर. मला घरूनच बजावलं होतं, हसत राहायचं. मी हसत होते आणि सारखी वाटेकडं बघत होते.

पानं मांडली आणि वडिलांनीच घात केला. वाटेनं निजामाचे दोन बंदूकवाले घोड्यावरून चालले होते. वडिलांनी जन्माच्या सवयीनं हात वर केला आणि मोठ्यानं ओरडले, "या, जेवायला या!" शब्द तोंडातून गेला नि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सवयीला अक्कल नसते. मला अजून त्यांचा राग येतो.

ते दोघं आले. बंदुका चिंचेला टेकवल्या, हातपाय धुतले आणि नेमके भावाला खेटून बसले. हिरव्या दाण्यांची पातळ भज्जी मागून घेतली, वर आईच्या हाताला चव आहे म्हणाले. भावाचा घास हातातच राहिला होता.

तेवढ्यात ठरल्याप्रमाणे कोळीअण्णानं हाक दिली, "फेरी निगायलीय! कोण बसायलाय?"

भाऊ हलेना. तो आईकडं बघत राहिला.

"जा की," आई म्हणाली. "कामून बसलायस? ये फिरून."

तिला त्याला पोटाशी धरायचं होतं. त्याला तिच्या पाया पडायचं होतं. फेरी मारायला निघालेलं पोरगं आईच्या पाया पडतं का? तो नुसता उठला आणि धोतराला हात पुसत पाण्याकडं गेला.

काहील निघाली. आई पाहुण्यांना आंबील वाढत होती. वाटी भरून वाहिली तरी तिची धार थांबेना. मला वाटलं, आता ही ओरडणार आणि आम्ही सगळे मरणार. पलीकडं भाऊ उतरला, वळला आणि हात हलवायला लागला. आईनं मान खाली घातली. बघितलं असतं तर तिला रडू आवरलं नसतं.

बंदूकवाल्यांपैकी एकाचं तिकडं लक्ष गेलं. तो हसला. "अम्मा, बच्चा हात हिला रा. तुमे बी हिलाओ ना!"

आईनं पळी ठेवली आणि हात वर केला. भाऊ झाडाआड गेला तरी तिचा हात हलतच होता. तो पुन्हा कधी घरी आला नाही. आईला लेकाचा निरोप घेता आला तो एवढाच, आणि तोही त्या बंदूकवाल्यानं सांगितलं म्हणून.