मामीच्या वजनाचे ब्रेक

कामठ्याच्या शालीकराम रहांगडाल्यांना, म्हणजे आमच्या शालीकमामांना, दोन घरं होती. एक विटांचं, एक चाकांचं. एका शाळेची भंगारात निघालेली मिनीबस त्यांनी नव्याण्णव साली घेतली, बाकं उपटून फेकली, आत संसार मांडला. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मामा सुखवंतामामीला घेऊन या मंडईतून त्या मंडईत जायचे आणि लोकांचे फोटो काढायचे. मागे विमान रंगवलेला पडदा, त्याच्या खिडकीत तोंड घालायचं. आमच्याकडची निम्मी माणसं विमानात बसली ती अशीच.

मामीचा मुक्काम बसच्या मागच्या भागात. लोखंडी खाट, पाण्याचे ड्रम, तांदळाची कोठी आणि दगडी पाटा-वरवंटा, कारण मिक्सरची चटणी तिला आजाऱ्याची वाटायची. एवढं वजन मागे, त्यामुळे उतारावर बस थांबायची नाही, थांबायचा विचार करायची. एकदा पानठेल्यासमोर थांबायचं होतं, ती पानठेल्यात थांबली. तेव्हा आमगावच्या दुधराम मिस्त्रीने मागच्या चाकांत नवे लायनर आणि मोठे सिलिंडर बसवले. पायाचा जोर ब्रेकपर्यंत नेणारी ती नळकांडी. जेवढी मोठी, तेवढी पकड जास्त. बस ऐकू लागली.

"चला," मामी म्हणाली, "कोनीतरी तुमचं ऐकून राहिलं."

दोन हजार सातला घरामागे संडास बांधला गेला. त्या दिवाळीनंतर मामा सामान चढवत होते आणि मामी ओसरीवरून उठेना.

"मी नाही येत."

"काऊन?"

"इतके वर्सं लोकायच्या धानाच्या बांधीआड बसली मी, डबा घेऊन, अंधार पडाची वाट पाहून. आता घरी दार आहे. आतून कडी लागते. मी नाही येत."

"मंग मी?"

"तुमी जा ना. तुमाले कोनतीबी बांधी चालते."

तिला घरी लागेल म्हणून मामांनी खाट उतरवली, ड्रम उतरवले, पाटा दोन्ही हातांनी धरून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

"राग आला का मामा?" मी विचारलं.

"नाही." थोडा वेळ त्यांनी खरंच शोधल्यासारखं केलं. "काहीच नाही आलं."

डी.एड. होऊन घरी बसलेल्या माणसाला फुकटची सीट नाकारता येत नाही, म्हणून नवेगाव बांधच्या मंडईला मीही निघालो. जंगलातल्या रस्त्यावर शेळ्या आडव्या आल्या. मामांनी ब्रेक दाबला. मागची चाकं जागच्या जागी जाम झाली, बसचं बूड सरकत पुढे आलं आणि आम्ही गरकन फिरून कामठ्याकडे तोंड करून उभे राहिलो. शेळ्या आरामात गेल्या. मागून येणारी म्हातारी आमच्याकडे पाहत म्हणाली, "वापस जाऊन राहिले का जी?"

"मालूम नाही," मामा म्हणाले. हात अजून स्टिअरिंगवरच.

हळूहळू चालवत आमगाव गाठलं. दुधरामने चाकं उघडून पाहिली.

"ब्रेक त मस्त आहेत भाऊ. मागचं सामान कुठं गेलं?"

"घरी."

"आन वहिनी?"

"घरी."

"हं. हे सिलिंडर भरल्या गाडीचे आहेत. रिकाम्या गाडीत मागचं चाक रस्त्याले धरून राहत नाही, ब्रेक मात्र तेवढाच धरते. मंग गाडी घसरन नाही त काय करन? वहिनीले समजवा, सामान भरा, खर्च नाही. नाही त लहान सिलिंडर टाकतो. पन मंग सारा संसार घेऊन उतारावर नका जाऊ. थांबनार नाही, आताच सांगून ठेवतो."

मामा म्हणाले, उद्या सांगतो.

त्या संध्याकाळचं बोलणं मी ऐकलं, कारण आमच्या दोन घरांमधला कूड पातळ आहे.

"मिस्त्री म्हनते, तू आली त ब्रेक बरोबर लागते."

मामी हसली. "मी का गोटा आहो? धानाचं पोतं ठेवा माह्या जागी."

"पोतं भाकर नाही करत."

"तुमाले येते भाकर."

"येते."

भांडी वाजली. ताट वाढलं गेलं असावं.

"मंग नाहीच येत का?"

"नाही वो," मामी म्हणाली. या खेपेला ती हसली नाही. "जेवा."

सकाळी आमगावात मामा बसमधून उतरलेही नाहीत. खिडकीतूनच म्हणाले, "लहान टाक."

"वहिनीले विचारलं ना?"

"टाक म्हनलो ना."

दुपारपर्यंत काम झालं. मिस्त्रीने ब्रेकमधली हवा काढली, स्वतः शेजारी बसून रस्त्यावर जोरात ब्रेक मारायला लावला. बस तीरासारखी सरळ, जागीच उभी राहिली. मिस्त्रीला त्याचा कोण आनंद! "पाहा भाऊ, केसभर हालली नाही!"

"हो," मामा म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. फॉर्मवर चिकटवायच्या फोटोसारखं तोंड.

काढलेले मोठे सिलिंडर मिस्त्रीने चिंधीने पुसले, कागदात गुंडाळायला घेतले. "हे ठेवून द्या भाऊ. पुढच्या साली वहिनीचं मन बदललं त लागतीन."

मामांनी गाडी गिअरमध्ये टाकली.

"कोनाले लागले त देऊन टाक," ते म्हणाले.